चौदाच्या दगडापासून: पैठण रस्त्याला अनावृत पत्र

प्रिय पैठण रस्त्या,



पत्र लिहायला बसलो आणि वर पत्ता काय घालावा ते सुचेना. मग लक्षात आलं, आमचा पत्ताच तू आहेस. व्हिडिओकॉन कंपनी जोरात होती तेव्हा तिच्या कागदांवर नोंदणीकृत कार्यालय म्हणून छापलेलं असे: 14 कि.मी. स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चित्तेगाव, तालुका पैठण. देशभर टीव्ही विकणाऱ्या कंपनीला गल्लीचं नाव लागलं नाही की घराचा नंबर लागला नाही. तुझ्या कडेचा चौदाचा दगड तिला पुरला. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पाळीच्या वेळेला होणारी गर्दी ओसरली. आम्ही मात्र अजून त्याच दगडापाशी आहोत. गावाचं नाव चितेगाव लिहायचं की चित्तेगाव, हे पाट्यांचंही एकमत नाही. तुझं नाव कुणी चुकत नाही. 'पैठण रोडला राहतो' एवढं म्हटलं की शहरातला माणूस मान डोलावतो.

मी तुझ्या कडेला औषधांचं दुकान चालवतो. गावाच्या भाषेत 'मेडिकल'. सकाळी साडेआठला शटर वर जातं, रात्री दहाला खाली येतं, आणि मधल्या वेळात समोर तूच असतोस. तुझ्यावरून जाणारा तुला पाहतो तो पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यापुरता. मी तुला तेरा-साडेतेरा तास पाहतो. एवढ्या ओळखीवर चार शब्द बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

तू दोनपदरी होतास, चौपदरी झालास. ते काम अंगावरून जातं न जातं तोच टपरीवर सहापदरीची भाषा सुरू झाली. कारण पुढे बिडकीन आहे. तिथे ऑरिक प्रकल्पाची हजारो एकरांची औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने तिथे सुमारे 20,000 कोटींच्या कारखान्याचा करार केला, एथर आणि जेएसडब्ल्यूची नावंही त्याच वर्षी आली. पुण्याकडे जाणाऱ्या नव्या द्रुतगती महामार्गाची चर्चाही पैठण तालुक्यातूनच फिरते आहे. 'गाड्या वाढणार, मग रस्ता वाढवायलाच पाहिजे' असं लोक इतक्या सहज म्हणतात की त्यातला 'मग' कुणाला ऐकूही येत नाही. मला त्या 'मग'वरच बोलायचं आहे.

आधी माझ्या काचेबद्दल सांगतो. रोज सकाळी काउंटरची काच मी दोन फडक्यांनी पुसतो. पहिलं कोरडं. त्याने मातीची, मुरमाची भुरकट धूळ निघते. फडकं दाराबाहेर झटकलं की विषय संपला. पण तिच्याखाली एक काळसर थर उरतो. कोरड्या फडक्याने तो निघत नाही, नुसता पसरतो आणि काच आणखी मळकट दिसते. त्याला साबणाच्या पाण्यात पिळलेलं दुसरं फडकं लागतं. दोन-चार दिवसांत ते फडकं गॅरेजमधल्या चिंधीसारखं होतं. हा थर डिझेलच्या काजळीचा, झिजलेल्या टायरचा, ब्रेकच्या भुकटीचा.

या दोन फडक्यांतला फरक छातीतही तसाच असतो. जाड धूळ नाकाच्या केसांत, घशात अडकते आणि शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. दुसऱ्या जातीचे कण अडीच मायक्रॉनहून बारीक. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील. ते फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात आणि त्यातले काही तिथून रक्तात उतरतात. माणूस दिवसाला साधारण 20,000 वेळा श्वास घेतो. माझ्या दुकानात हजार औषधं आहेत, पण फुप्फुस पुसायचं फडकं कोणत्याच कंपनीने अजून काढलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात रात्री दुकान आवरताना एक बाई मुलाला घेऊन आली. मुलगा सहा-सात वर्षांचा. खांदे वर उचलून श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी. डॉक्टरांची चिठ्ठी होती, तिच्यावर पंप लिहिलेला. बाई म्हणाली, "भाऊ, पंप नको. सवय लागती म्हणत्यात. पातळ औषध द्या." मी समजावलं की पंपाची सवय लागत नाही, औषध थेट छातीत जातं, थोडं लागतं आणि लवकर उतार पडतो. ती ऐकत होती, पण नजर पंपाच्या खोक्यावरच्या किमतीवर. तेवढ्यात पोराने काउंटरच्या काचेवर बोटाने एक लांब रेघ ओढली. काच मी सकाळी दोनदा पुसली होती. तरी रेघ लख्ख उमटली. मग त्याने त्या रेघेवरून दुसऱ्या बोटाची गाडी चालवली. तोंडाने आवाज काढायला गेला, पण दम पुरला नाही.

रस्त्या, त्या पोराचा दमा तू दिलास असं मी म्हणणार नाही. दम्याला घराणं असतं, चुलीचा धूर असतो, ओल असते. पण आजार असलेल्या छातीला तू काय करतोस हे जगाला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये तोवरचा सगळा अभ्यास एकत्र तपासला. मोठ्या रस्त्यापासून 300 ते 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यात वाहनांच्या प्रदूषणाचा परिणाम सर्वांत जास्त असतो आणि मुलांचा दमा त्याने बळावतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याआधी 2007 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या 3,677 मुलांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला होता. दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत त्यांच्या फुप्फुसांची वाढ मोजली गेली. मोठ्या हमरस्त्यापासून 500 मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची वाढ दूर राहणाऱ्यांपेक्षा कमी भरली. ही गोष्ट वाचून मी थांबलो, कारण वाढीच्या वयात राहिलेली तूट पुढे सहसा भरून निघत नाही. तुझ्या मध्यरेषेपासून 500 मीटर मोजत निघालो तर माझं दुकान, थांबा, हॉटेलं, भाजीचे गाडे, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, त्या खोल्यांसमोर खेळणारी पोरं, सगळं त्या मापात येतं.

लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिचं घर साउथ सर्क्युलर नावाच्या गजबजलेल्या रस्त्याजवळ. दम्याचे झटके येत राहिले आणि फेब्रुवारी 2013 मध्ये ती गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडे मृत्यूच्या कारणात अनेकदा नुसतं श्वसनक्रिया बंद पडल्याने असं लिहितात. ती कशामुळे बंद पडली, याच्या उत्तरात हवेचं नाव सहसा येत नाही.

तू मुळात असा नव्हतास, हे मला माहीत आहे. तुझं घराणं फार जुनं. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे. तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड गाड्यांमधून भडोचच्या बंदराला जात, तेही नीट रस्ते नसलेल्या मुलखातून. व्यापार दोन हजार वर्षांपूर्वीही होता, ओझी होती, घाई होती. त्याच्याही आधी सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेला वड लावल्याचं अभिमानाने कोरून ठेवलं. कशासाठी? माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. म्हणजे रस्ता बांधणाऱ्याचं काम चालणाऱ्याच्या डोक्यावरच्या उन्हापर्यंत पोचत असे.

फाल्गुनात नाथषष्ठीला दिंड्या तुझ्यावरून पैठणकडे जातात. तेव्हा मराठवाड्यात ऊन चढायला लागलेलं असतं. पूर्वी वारकरी कडेच्या मोठ्या झाडाखाली टेकायचे, भाकरी सोडायचे, टाळ मांडीवर ठेवून डुलकी घ्यायचे. आता दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आहे. फुलं सुरेख येतात, पण कण्हेरीच्या सावलीत शेळीसुद्धा बसत नाही. आता म्हातारे वारकरी माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली येऊन उभे राहतात, ओआरएसची पुडी मागतात आणि संकोचून विचारतात, "इथं पाच मिनिटं टेकलं तर चालंल का?" शेड माझं आहे पाच फुटांचं. वडाचं काम त्याच्याने होत नाही.

झाडाची किंमत करता येत नाही म्हणतात, पण एकदा केली गेली होती. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवर रेल्वे-उड्डाणपुलांसाठी 356 झाडं तोडायची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली तेव्हा आपल्या नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश होते. त्या समितीने 2021 मध्ये सांगितलं की झाडाचं मोल त्याच्या वयाच्या दर वर्षाला 74,500 रुपये धरावं आणि जुन्या मोठ्या झाडाचं मोल एक कोटीच्याही वर जाऊ शकतं. त्यातला मोठा वाटा नुसत्या प्राणवायूचा. पुढे 2023 मध्ये ती झाडं तोडायला परवानगी मिळाली, हेही खरं. पण आकडा एकदा कागदावर आला आहे. शंभर वर्षांच्या वडाला तो लावून बघ. एका झाडाचे 74 लाख 50 हजार होतात. तुझ्या अंदाजपत्रकात खडी, डांबर, सिमेंट, पथदिवे, रंग, सगळ्यांना रकाना आहे. सावलीला नाही.

आता कायद्याचं बोलू. मी वकील नाही, पण औषधविक्रेत्याला बारीक अक्षरं वाचायची सवय असते. वाचत गेलो आणि लक्षात आलं की कायद्याच्या तीन चाळण्या आहेत आणि चितेगाव तिन्हींमधून खाली पडतं.

पहिली चाळणी पर्यावरण मंजुरीची. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे 30 किलोमीटरहून लांब राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण असेल आणि 20 मीटरहून जास्त रुंदीची जादा जमीन लागत असेल, तर मंजुरी लागायची. ऑगस्ट 2013 मध्ये ही मर्यादा वाढवून 100 किलोमीटर आणि 40 मीटर केली. छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपासून, पैठणपर्यंत तुझी लांबी पन्नास किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तू या चाळणीच्या भोकातून अलगद निघून जातोस. मंजुरी नाही म्हटल्यावर तिच्यासोबत येणारी जनसुनावणीही नाही. गावातल्या कुणाला काही विचारावं लागत नाही, आणि कायद्याने कुणाचं काही चुकतही नाही.

दुसरी चाळणी झाडांची. महाराष्ट्राच्या 1975 च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरलं आणि ते तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. उत्तम कायदा, पण शहरांसाठी. महापालिकेची हद्द जिथे संपते तिथे वडाचा वारसाही संपतो. हद्दीच्या अलीकडचा वड आणि पलीकडचा वड यांच्यात पारंब्यांचा फरक नसतो; फरक असतो तो फक्त पाटीचा.

तिसरी चाळणी हवेची. जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेचं मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत औरंगाबादचं नाव आहे. तिथे हवा मोजली जाते, आराखडे होतात, निधी येतो. आपल्या देशाचं बारीक कणांचं वार्षिक मानक घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते 5 असावं असं सुचवलं. या दोन आकड्यांत आठपटींचं अंतर आहे. पण चितेगावच्या चौकात हवेचा आकडा दाखवणारा फलक मी आजवर पाहिलेला नाही, त्यामुळे आम्ही 40 च्या वर आहोत की खाली, हा वाद घालायचीही सोय नाही. शहराचा ट्रक हद्द ओलांडतो, धूर त्याच्याबरोबर येतो, मोजमाप मात्र मागे राहतं.

जाणाऱ्याचा हिशेब मात्र सगळ्यांकडे चोख आहे. पुणे किती तासांत, पैठण किती मिनिटांत, मंत्री भाषणात सांगतात आणि बातमीचा मथळाही तोच होतो. मीही एक हिशेब करून पाहिला. शहरापासून आमच्या दगडापर्यंत 14 किलोमीटर. ताशी 60 ने 14 मिनिटं लागतात, ताशी 80 ने साडेदहा. वाचली साडेतीन मिनिटं. ती ज्याची वाचली तो पुढे निघून गेला. त्या साडेतीन मिनिटांसाठी ज्याच्या घरासमोरून वेग वाढला, जो भाजीची पिशवी घेऊन दुभाजकातल्या कटपाशी उभा राहून दोन्हीकडे बघत राहिला, त्याची किती मिनिटं गेली, हे कुणी मोजलं का? 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यातली 61,038 राष्ट्रीय महामार्गांवर. रस्त्यांच्या एकूण लांबीत या महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्केच आहे.

बरं, रुंद होऊन तू मोकळा तरी होशील का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे बघ. 2002 मध्ये तो पूर्ण खुला झाला तेव्हा सहा पदर म्हणजे चैन वाटली होती. मग घाटासाठी 'मिसिंग लिंक' काढावी लागली आणि आठ पदरांचे, पुढे दहा पदरांचे प्रस्ताव आले. जिल ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी मांडून दाखवलं की महामार्गांचे पदर जितक्या प्रमाणात वाढतात, जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवासही वाढतो. पट्टा ढिला केला म्हणून पोट कमी होत नाही, हे आमच्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. रस्त्याच्या बाबतीतच आम्हाला ते पुन्हा पुन्हा शिकावं लागतं. बिडकीनला विजेच्या गाड्या बनणार म्हणून धूर राहणार नाही, असंही मला कुणी तरी सांगितलं. सायलेन्सरचा धूर कमी होईल, त्याचं स्वागत. पण टायर रबराचेच राहणार, ब्रेक झिजणारच, बॅटरीने गाडीचं वजन वाढणार, आणि कारखान्याचा कच्चा माल वाहणारे कंटेनर अजून बराच काळ डिझेलवरच धावणार. माझं दुसरं फडकं सुटीवर जाणार नाही.

गावात हे सगळे मान्य करतात असं समजू नकोस. माझ्याच घरात दोन पक्ष आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, रस्ता झाला म्हणून एकराचा भाव चढला, पोरांना कामं लागली, तुझंही दुकान चालतंय ते रस्त्यामुळेच. खरं आहे. माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा 108 ची गाडी त्यांना घाटी रुग्णालयात वेळेवर घेऊन गेली ती तुझ्यावरूनच, आणि त्या रात्री मी तुझ्या रुंदीला मनातून हात जोडले होते. जायकवाडी धरणाचं पाणी 1970 च्या दशकापासून तुझ्याच कडेने नळांतून शहराला जातं. आता 2500 मिलीमीटर व्यासाची नवी जलवाहिनीही तुझ्याच पट्ट्यात आली. तू नसतास तर शहराची तहान भागली नसती. म्हणून तुला उखडा असं मी म्हणत नाही. आहेस तेवढा रहा. आणखी रुंद व्हायच्या आधी कडेच्या माणसाचा हिशेब मांड, इतकंच माझं म्हणणं आहे.

तो हिशेब फार अवघड नाही. आधी एक वर्ष हवा मोजू. ऊन, पाऊस, थंडी, तिन्ही ऋतूंत. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन या तीन ठिकाणी. आणि आकडा चौकात मराठीत लागू दे. दिवाळीनंतरच्या थंडीत, उसाच्या दुहेरी ट्रॉल्या रात्रभर चालतात आणि धूर जमिनीला धरून बसतो, तेव्हाचा आकडा तर नक्की. कायदा जनसुनावणी मागत नसेल, पण ती घेऊ नका असंही कायदा म्हणत नाही. ग्रामसभेसमोर नकाशा मांडा, मराठीत, आणि बायकांना बोलू द्या, कारण दिवसभर कडेला त्याच असतात. कारखान्यांचा माल रेल्वेने किती जाईल ते आधी ठरवा, मग ट्रकांसाठी किती पदर लागतात ते सांगा. पाळीच्या कामगारांसाठी बस लावा. एक बस चाळीस मोटारसायकलींचं काम करते आणि एकाच नळीने धूर सोडते. गावातून जाताना वेग उतरवा आणि रस्ता ओलांडायची जागा जमिनीवरच द्या. गुडघे दुखणारी म्हातारी लोखंडी पुलाच्या चाळीस पायऱ्या चढणार नाही. माझ्याकडून वेदनाशामक मलम नेऊन ती दुभाजकच ओलांडेल. आणि वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच लावा. किती लावले याची बातमी नको, पाचव्या वर्षी किती जगले याची पाटी लावा. रस्त्यांसाठी माती-मुरूम काढायला पर्यावरण मंजुरीतून 2020 मध्ये दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये रद्द केली, तेव्हा टेकड्यांचाही हिशेब याच वहीत येऊ दे.

अशक्य आहे म्हणशील, तर सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावाचं उदाहरण आहे. 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत तिथला सुमारे चारशे वर्षांचा वड येत होता. गावकरी आणि झाडांवर जीव लावणारी माणसं त्याच्याभोवती उभी राहिली, प्रश्न मंत्र्यांपर्यंत गेला आणि वडासाठी आखणी बदलली. कागदावरची रेघ सरकवता येते. ती सरकवणारं माणूस लागतं.

शेवटी तुझ्याच टोकाची गोष्ट तुला सांगतो. तू जिथे जाऊन पोचतोस त्या पैठणचे नाथमहाराज काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले होते. किती दिवसांची वाट, किती कोसांचं पुण्य. वाटेत वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलं होतं. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी त्याच्या तोंडात घातलं. सोबतचे लोक हळहळले असतील, यात्रा फुकट गेली म्हणाले असतील. नाथांच्या लेखी गंगा तिथेच रामेश्वराला पोचली. ही गोष्ट आमच्याकडे पोराला पाळण्यातच कळते आणि दर षष्ठीला कीर्तनात पुन्हा ऐकू येते. नाथ पोचले त्याची आठवण कुणी फारशी काढत नाही. थांबले, ती गोष्ट मात्र चारशे वर्षं सांगितली जाते आहे. त्यांच्या गावाला जाणाऱ्या रस्त्याने कडेला धाप लागलेल्या पोरासाठी थोडं थांबावं, एवढी अपेक्षा फार नाही.

पत्र लांबलं. शटर उघडायची वेळ झाली. दोन्ही फडकी रात्री धुऊन वाळत घातली होती. एक वाळलंय, दुसऱ्याचा डाग गेलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

तुझ्या कडेचा,
चितेगावचा एक मेडिकलवाला

ता. क. रुंदीकरणाच्या धांदलीत तो जुना चौदाचा दगड कुठे गेला, तुला ठाऊक असेल तर कळव. राज्याचा होतास तेव्हा त्याचं डोकं हिरवं होतं, राष्ट्रीय झाल्यावर पिवळं व्हायला हवं होतं. सापडला तर परत लावायला सांग. ज्या दगडावर आमचा पत्ता होता, त्याच्या शेजारी एक वड लावायचा विचार आहे. पाणी मी घालीन.